सदस्य वगळा

रविवारी सकाळी प्रियदर्शिनीने चहाचा कप बशीत ठेवला, चष्मा पुसला आणि साहिल उतेकरला गटातून काढून टाकले.

त्यासाठी फारसे काही करावे लागले नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर गटप्रमुखाच्या पानाच्या अगदी तळाशी 'सदस्य वगळा' असे लाल बटण होते. ते दाबल्यावर संगणकाने विचारले, 'आपली खात्री आहे का?' तिची होती. मग त्याने कारण विचारले. तिने टाइप केले, 'सततची गैरहजेरी. असहकार.' पूर्णविराम दोन्ही ठिकाणी दिले.

प्रियदर्शिनी महाडच्या एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासायचे काम करत होती, पण हंगामी. पाणी परीक्षणाची ही ऑनलाइन पदविका मिळाली की कायम करू, असे मालकांनी सांगितले होते. मिळाली नाही तर मालकांच्या भाच्याकडे ती आधीच होती. पदविकेच्या आणि तिच्या मध्ये आता एकच गोष्ट उरली होती : गटप्रकल्प. तो सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

गटात तिघे होते. महाडची प्रियदर्शिनी, नाते गावची मानसी आणि पोलादपूरच्या वर डोंगरात असलेल्या पळसकोंडचा साहिल. महाडचे नळाचे, नात्याच्या विहिरीचे आणि पळसकोंडच्या झऱ्याचे पाणी तपासून तुलना करायची, असा विषय होता. नळ झाला होता. विहीर झाली होती. झऱ्याच्या दोन निर्जंतुक बाटल्या प्रियदर्शिनीने स्वतः पार्सलने पाठवल्या होत्या, आणि त्या पळसकोंडला पोचून तिथेच राहिल्या होत्या.

साहिल भांडत नसे, हीच अडचण होती. प्रत्येक ऑनलाइन बैठकीला तो यायचा, कॅमेरा बंद, माइक बंद. प्रियदर्शिनी विचारायची, "साहिल, नमुना कधी पाठवतोस?" पडद्यावर 'हो' उमटायचे. "हो म्हणजे कधी?" यावर एक अंगठा यायचा. मग तो निघून गेलेला असायचा.

मार्गदर्शक सरांनी 'परिणामकारक गटकार्य' या विषयावर तीन व्हिडिओ पाठवले होते. प्रियदर्शिनीने ते दोनदा पाहिले होते. मानसीने एकदा, दुप्पट वेगाने, भाकऱ्या थापताना. तिसऱ्या व्हिडिओत सर म्हणाले होते की सहकार्य न करणाऱ्या सदस्याबाबत गटप्रमुखाने भावनेच्या आहारी न जाता ठाम निर्णय घ्यावा. प्रियदर्शिनी भावनेच्या आहारी गेली नव्हती. तिने तीन वेळा समज दिली होती, मानसीचे मत घेतले होते आणि मगच बटण दाबले होते.

'सदस्य यशस्वीरीत्या वगळण्यात आला आहे,' संगणकाने हिरव्या अक्षरांत सांगितले.

तिला बरे वाटले. मग हिरव्याखाली लाल अक्षरे आली.

'गटातील सदस्यसंख्या किमान मर्यादेपेक्षा कमी झाल्याने गट बरखास्त करण्यात आला आहे. आपला प्रकल्प स्वीकारला जाणार नाही.'

तिने ते वाचले. चष्मा काढून पुसून परत वाचले. अक्षरे तीच होती. तिने मानसीला फोन लावला.

"बरखास्त?" मानसी ओरडली. मागे तिचे बाळही ओरडले. "बरखास्त म्हणजे काय? आपण काय सरकार आहोत?"

"किमान तीन सदस्य लागतात. दोघी उरलो तर गटच राहत नाही."

"मग हे बटण दाबायच्या आधी सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"त्यांनी विचारलं होतं, खात्री आहे का म्हणून."

"अगं, पण कशाची खात्री ते विचारायला नको?"

प्रियदर्शिनीने फोन कानाशी धरूनच संगणक पुढे ओढला. तिने नियमावली उघडली. एकच वाट होती. मार्गदर्शकांच्या समक्ष ऑनलाइन बैठक घेऊन तिन्ही मूळ सदस्यांनी समेट करायचा आणि समेटाचा पुरावा संकेतस्थळावर चढवायचा. म्हणजे साहिल हवा होता. तिने त्याचा नंबर लावला. तो व्यस्त होता. पुन्हा लावला. व्यस्त. ज्या मुलाने आजवर एक शब्द काढला नव्हता, तो आज नेमका बोलत कोणाशी होता, हे तिला कळेना. तो तिलाच फोन लावत होता.

---

पळसकोंडला मोबाइलची रेंज एकाच जागी येते. गावाच्या वरच्या अंगाला एक सपाट कातळ आहे, त्यावर. रविवारी मुंबईची माणसे घरी सापडतात, म्हणून सकाळी सगळा गाव तिथे जमतो आणि प्रत्येक जण आपापल्या मुंबईकराशी ओरडून बोलतो. साहिलही बैठकांना तिथूनच हजर राहायचा. माइक चालू केला असता तर प्रियदर्शिनीला सबंध पळसकोंडचे घरगुती प्रश्न ऐकू आले असते.

पदविकेच्या अर्जावर साहिलने आजोबांचा नंबर दिला होता, कारण तेव्हा घरात तेवढा एकच होता. त्यामुळे विद्यापीठाचा संदेश आला तो कोंडाजी उतेकरांच्या खिशात. कोंडाजी म्हणजे गावकीचे प्रमुख. गावच्या सभेत कोण कुठे बसणार इथपासून पालखी कोणाच्या दारात आधी थांबणार इथपर्यंत सगळे त्यांच्या शब्दावर चालायचे. त्यांनी फोन जीपवाल्या सदूकडे दिला. सदू पूर्वी मुंबईत टॅक्सी चालवत होता, तेव्हापासून इंग्रजी आणि सरकारी अशा दोन्ही भाषा त्याच्याकडे सोपवल्या जात.

"मेसेज हाय, आबा. ऑफिशियल हाय." सदूने घसा साफ केला. "साहिल उतेकर यांना बहुमताने गटातून वगळण्यात आले आहे. कारण, सततची गैरहजेरी. असहकार."

कातळावरचे फोन एकेक करून बंद झाले.

"कोणी वगळला?" कोंडाजींचा आवाज बारीक निघाला.

"आबा, ते माझ्या क्लासचं हाय," साहिल पुढे येऊन म्हणाला. "प्रोजेक्टचा गट असतो, त्यातनं..."

"म्हंजे तुला सगळ्यांनी मिळून भायेर काढला?"

"हो, पण ते..."

"उतेकराच्या घरातला मानूस भायेर काढला." कोंडाजी खाली बसले. "चार पिढ्यांत झाला नाय."

कातळाच्या टोकाला चंद्रभागा कल्याणच्या मुलीशी बोलत होती. "थांब गो, नंतर करते," म्हणून तिने फोन ठेवला आणि उठून आली.

"सदू, परत वाच रे. कारण काय लिव्हलाय?"

"सततची गैरहजेरी. असहकार."

"तेच," चंद्रभागा म्हणाली. "शब्दसुदा तेच."

कोणीच तिच्याकडे पाहिले नाही. काही वर्षांपूर्वी गावकीने चंद्रभागेचे घर बाहेर काढले होते. नवरा मुंबईत अंथरुणाला खिळलेला, ती त्याच्या उशाशी. गावच्या सभा चुकल्या, देवळाच्या कामाला घरातून कोणी आले नाही. का आले नाही, ते कोणी विचारले नाही. दोन वर्षे तिच्या दारात कोणी गेले नाही आणि गावच्या वरच्या झऱ्यावर तिची कळशी लागू दिली नाही. पुढे अशा गोष्टींवर कायदा झाल्याचे गावात कळले आणि गावकीने तिला घाईघाईने परत घेतले. तरीसुद्धा नारळ घेऊन तिलाच यायला लावले होते.

"आता काय करायचा?" कोंडाजींनी विचारले. बाहेर कसे काढायचे हे गावकीत सगळ्यांना पाठ होते. परत आत कसे जायचे हे माहीत असलेले माणूस गावात एकच होते, आणि ते कमरेवर हात ठेवून समोर उभे होते.

"नारळ घ्यायचा," चंद्रभागा म्हणाली. "ज्यानं काढला त्याच्या दारात सगळ्या गावकीनं जायचा. एकट्या मानसाचं काम नाय. आन् दंड न्यायचा."

"दंड कसला? पैसे?"

"काय चुकला असेल त्याचा दंड. पोराचा चुकला काय ते इचारा त्याला."

सगळे साहिलकडे वळले. साहिल पायाच्या अंगठ्याने कातळ खरवडत होता.

"पाणी," तो म्हणाला. "झऱ्याचं पाणी मागितलं होतं त्यांनी. तपासायला. आबांनीच नको सांगितलं."

हे खरे होते. पलीकडच्या एका गावात असेच कोणी पाणी तपासले, झऱ्यावर लाल खूण केली, आणि त्या वर्षी त्या गावच्या एकाही मुलाचे लग्न जमले नाही. पळसकोंडात लग्नाची सात मुले होती. कोंडाजींनी बाटल्या फडताळावर ठेवून दिल्या होत्या.

"आन् हे तू त्यांना सांगितला काय नाय?" चंद्रभागेने विचारले.

"आबांचं नाव ग्रुपवर कसं टाकणार?" साहिल म्हणाला. "म्हणून नुसतं हो म्हणायचो."

त्याने पुन्हा प्रियदर्शिनीचा नंबर लावला. पुन्हा व्यस्त. चंद्रभागेने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "फोनवर माफी नसते मागायची. मी नव्हती मागितली."

कोंडाजी धोतर झटकून उठले. मग म्हणाले, "बाटल्या काढ. सदू, जीप काढ."

---

पार्सलवरच्या पत्त्याने महाडच्या गल्लीत जीप शिरली तेव्हा प्रियदर्शिनीचे वडील भिकाजी दारात पेपर वाचत होते. एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून त्यांनी नोकरी केली होती आणि लोक गटाने आले की काहीतरी हरवलेले असते, एवढे त्यांना अनुभवाने माहीत होते. पण या गटाच्या पुढे पांढरे धोतर नेसलेला, टोपी घातलेला म्हातारा होता आणि त्याच्या हातात नारळ होता. मागे लुगड्यातल्या बायका. त्यांच्या मागे, धुतलेला शर्ट घातलेला, खाली मान घातलेला एक तरुण.

समोरच्या काशीबाईंनी हे खिडकीतून पाहिले आणि त्या तशाच साखरेची वाटी घेऊन बाहेर आल्या.

"भिकाजीभाऊ! दर्शूचं जमलं आणि बोलला नाहीत?"

"काय जमलं?" भिकाजी पेपर हातात घेऊन उभे राहिले.

"अहो, नारळ घेऊन आलेत. मुलगाही आलाय. जरा लहान वाटतो, पण हल्ली चालतं."

भिकाजींनी मुलाकडे पाहिले, नारळाकडे पाहिले आणि आत हाक मारली. "दर्शू! तू आम्हाला काही सांगायचं राहिलंय का?"

प्रियदर्शिनी कानाला फोन लावून बाहेर आली. फोनमध्ये मानसी होती.

"पोरगी हीच काय?" कोंडाजींनी साहिलला विचारले. साहिलने मान हलवली. काशीबाईंनी वाटी छातीशी धरून 'वा, वा' केले.

मग कोंडाजींनी नारळ पुढे केला. चंद्रभागा त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "दोन्ही हातांनी."

कोंडाजींनी दुसरा हात लावला.

"मान खाली."

त्यांनी मान वाकवली.

"अजून खाली. मला सांगितला होतात, आठवतोय ना?"

"बाय," कोंडाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "आमच्या पोराला परत घ्या. चूक आमची हाय. दंड घेऊन आलाव."

प्रियदर्शिनीचा फोन हातातच राहिला. आतून मानसीचा आवाज येत होता, "कोण आहे गं? कसला दंड? कोणाचा मुलगा?"

"मानसी," ती सावकाश म्हणाली, "साहिल आलाय. गावासकट."

"गावासकट म्हणजे?"

"म्हणजे जीप भरून."

नारळ पुढे केलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, एवढे तिला कळत होते. पण आपणच साहिलची माफी मागायला सकाळपासून फोन करत होतो, हेही सांगणे भाग होते. ती दोन्ही एकदम करायला गेली. "आजोबा, नारळ नको, म्हणजे द्या, पण चूक माझीच आहे, मी न विचारता काढलं त्याला, मलाच तो परत हवाय."

काशीबाई साखरेची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. "मुलीनेच आधी सोडलं होतं वाटतं," त्या भिकाजींना म्हणाल्या. "आणि आता तीच परत मागतेय."

"काशीबाई," भिकाजी म्हणाले, "तुम्ही जरा घरी जाता का? मला अजून काही समजलेलं नाही. समजलं की तुम्हाला आधी सांगतो."

सगळ्यांना आत बसवेपर्यंत बैठकीची खोली भरली आणि काही मंडळी स्वयंपाकघरात उभी राहिली. भिंतीवरून बुद्ध आणि बाबासाहेब बघत होते. भिकाजींनी स्वतः तांब्या-भांडे आणून कोंडाजींसमोर ठेवले. कोंडाजींनी भांडे उचलले, वर करून सगळे पाणी पिऊन टाकले आणि दुसरे मागितले. भिकाजी ते रिकामे भांडे हातात घेऊन क्षणभर तसेच उभे राहिले. मग भरून आणायला गेले.

"आता दंड," चंद्रभागेने आठवण केली.

कोंडाजींनी पिशवीतून पाण्याची एक सीलबंद बाटली काढली आणि प्रियदर्शिनीच्या हातात दिली. "झऱ्याचा पानी. सकाळीच भरलाय. साहिलनं सांगितला तसा, हात न लावता. आता तुमीच सांगा ते पिण्यासारका हाय काय नाय." ते थांबले. "खराब निघाला तरी सांगा. पन लाल खूण जरा बारीक करा, बाय. पोरांची लग्नं ऱ्हायलीत."

स्वयंपाकघराच्या दारात भिकाजी भरलेले भांडे घेऊन उभे होते. "दर्शू," ते हळूच म्हणाले, "पोलादपूरच्या गावकीनं पाणी प्यायचं की नाही, ते तू सांगणार?"

"बाटली सांगणार, बाबा. मी फक्त बघणार."

"दुसरी बाटली?" तिने साहिलला विचारले. "मी दोन पाठवल्या होत्या. एकाच ठिकाणच्या दोन घ्यायच्या असतात."

"ती माज्याकडं हाय," चंद्रभागा म्हणाली आणि तिने कमरेची पिशवी सोडली. "पन ती वरच्या झऱ्याची नाय. खालच्या ओहळाजवळ माजा झरा हाय, त्याची. गावाचा पानी गावानं आणला, माजा मी आणला. वरच्या पाण्याची माजी सवय मोडली, ह्या लोकांनीच मोडवली."

हे शास्त्राला धरून नव्हते. पण प्रियदर्शिनी तेव्हा काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. तिने एका बाटलीवर 'वरचा झरा' आणि दुसरीवर 'खालचा झरा' असे लिहिले. दोन्हींतले पाणी तिने तपासणीच्या छोट्या कुप्यांत ओतले आणि कुप्यांवरही तशाच चिठ्ठ्या चिकटवून त्या कपाटात ठेवल्या. "उद्यापर्यंत कुपीतलं पाणी काळं झालं तर जंतू आहेत. झालं नाही तर नाहीत."

"तवर काय करायचा?"

"तोवर समेट करायचा," ती म्हणाली आणि तिने लॅपटॉप उघडला.

सर रविवारची झोप मोडून पडद्यावर आले. त्यांना तीन विद्यार्थी अपेक्षित होते. एका चौकटीत मानसी आणि तिचे बाळ होते. दुसऱ्या चौकटीत, मिशांपासून पदरांपर्यंत, माणसे मावत नव्हती म्हणून एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती.

"हे... हे कोण आहेत?" सर मागे सरकले.

"सदस्य," कोंडाजी म्हणाले.

"कृपया केवळ गटातील सदस्यांनीच थांबावं."

कोणीही हलले नाही. "सर, आमच्यात एकट्याला काढत नाहीत आणि एकट्याला घेत पण नाहीत," साहिल म्हणाला. प्रियदर्शिनीने वळून पाहिले. त्याचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. तो चांगला जाड होता.

सरांनी कपाळ पुसले. "ठीक आहे. समेटाच्या प्रक्रियेत प्रत्येक सदस्यानं दुसऱ्याविषयी एक सकारात्मक गोष्ट सांगायची असते. साहिल, तुमच्या गटप्रमुखांविषयी?"

साहिलने विचार केला. "ताई वेळ पाळतात. काढलं तेसुद्धा वेळेत काढलं."

"प्रियदर्शिनी?"

"साहिल एकाही बैठकीला गैरहजर नव्हता," ती म्हणाली. आणि हे वाक्य स्वतःच ऐकून ती थबकली. कारण ते खरे होते. कारणाच्या रकान्यात तिने जे लिहिले होते, त्यातला पहिला शब्दच चुकीचा होता. "तो दर वेळी येत होता. तो का बोलत नाही, ते मी विचारलं नाही. कधी पाठवतोस, एवढंच विचारत राहिले."

चौकटीतल्या माणसांत कोणीतरी खाकरले. ती चंद्रभागा होती. ती सरांकडे नाही, कोंडाजींकडे बघत होती. कोंडाजी लॅपटॉपच्या बटणांकडे बघत होते.

"उत्तम," सर म्हणाले. "आता पुरावा. काहीतरी दस्तऐवज चढवावा लागेल."

प्रियदर्शिनीने टेबलावरच्या नारळाचा फोटो काढला आणि चढवला. संकेतस्थळाचे चक्र फिरत राहिले. मग हिरवी अक्षरे आली : 'पुरावा स्वीकारण्यात आला आहे. गट पूर्ववत करण्यात येत आहे.'

"नारळ चालला?" सरांनी चष्मा वर सरकवला.

"नारळ सगळीकडं चालतो," कोंडाजी म्हणाले.

---

सोमवारी कातळावरून फोन येत राहिले.

"बाय, काळी झाली काय?"

"नाही अजून, आजोबा."

"बरं." आणि थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

प्रियदर्शिनीने प्रयोगशाळेतून अर्धा दिवस रजा घेतली होती. दुपारी तिने कपाट उघडले आणि दोन्ही कुप्या खिडकीपाशी उजेडात धरल्या. मग तिने चिठ्ठ्या वाचल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचल्या. कालपासून तिने चष्मा इतक्या वेळा पुसला होता, पण एकदाही काचेवर काही नव्हते.

तासाभराने अंतिम बैठक होती. सर आधीच सावरून बसले होते. मानसीचे बाळ झोपले होते. साहिल कातळावरून आला, आणि त्याचा कॅमेरा चालू होता, माइकही चालू होता. मागे गाव उभा होता, पण एकाच्याही कानाला फोन नव्हता. टोपी काढून हातात धरलेले कोंडाजी सर्वांत पुढे होते.

प्रियदर्शिनीने नळ सांगितला, विहीर सांगितली. मग ती थांबली.

"पळसकोंडचे दोन झरे आम्ही तपासले. वरच्या झऱ्याची कुपी काळी झाली आहे. वरच्या अंगाला गुरं बसत असावीत, त्याचं पाणी झिरपत असेल. कुंपण घातलं आणि कुंड साफ केलं तर सुधारू शकेल. पण तोवर ते उकळल्याशिवाय पिऊ नये."

 कोंडाजींच्या हातातली टोपी खाली पडली, ती कोणी उचलली नाही.

"सात लग्नं," मागून कोणीतरी म्हणाले.

"खालच्या झऱ्याची कुपी," प्रियदर्शिनी पुढे म्हणाली, "स्वच्छ आहे. काल होती तशीच. या चाचणीत तरी आमच्या चारही नमुन्यांत इतकं नितळ पाणी दुसरं नाही."

"खालचा म्हणजे कुठला?" सरांनी विचारले.

"चंद्रभागा काकूंचा, सर," साहिल म्हणाला. "ज्याचं पाणी गावात कोणीच पीत नाही. त्या एकट्याच पितात. आम्ही... म्हणजे गावकीनं त्यांना वरच्या झऱ्यावर येऊ दिलं नव्हतं, तेव्हापासून."

मानसीने तोंडावर हात ठेवला. सरांनी पेन खाली ठेवले. त्यांच्या तीन व्हिडिओंत यावर काही नव्हते.

"म्हणजे हिला बाहेर काढली," सदूचा आवाज आला, "आन् चांगल्या पाण्यावर नेऊन ठेवली? आन् आपण सगळे आत ऱ्हायलो ते..."

"सदू, गप," कोणीतरी म्हणाले.

"चंद्रभागा काकू कुठे आहेत?" प्रियदर्शिनीने विचारले. तिला त्या पडद्यावर कुठेच दिसत नव्हत्या.

"मघाशीच खाली गेल्या," साहिल म्हणाला. "ताईंनी 'खालचा' म्हटल्याबरोबर उठल्या. म्हणाल्या, दार उघडं ठेवायला पायजे, पाव्हणे येतील."

कोंडाजी इतका वेळ तसेच उभे होते. मग ते वाकले, टोपी उचलून झटकली, डोक्यावर घातली आणि मागे हात केला. कोणीतरी त्या हातात नारळ ठेवला. तो कोणी आणि केव्हा आणून ठेवला होता, ते साहिललाही माहीत नव्हते. कोंडाजी कातळ उतरू लागले. त्यांच्यामागे सबंध गाव निघाला.

"साहिल," सर म्हणाले, "सादरीकरण अजून संपलेलं नाही."

"सर, तुम्हाला पण घेऊन जातो," साहिल म्हणाला आणि फोन तसाच हातात धरून चालू लागला. पडद्यावर पायवाट हिंदकळत होती, करवंदीच्या जाळ्या येत-जात होत्या. तो खाली उतरत गेला तशी चित्रे अडखळू लागली. एक उघडे दार दिसले आणि तिथेच थिजले. मानसी, सर आणि प्रियदर्शिनी त्या थिजलेल्या दाराकडे बघत राहिले.

चित्र गेले, पण आवाज अजून थोडा येत होता. वहाणा काढल्याचा आवाज. कोणीतरी खाकरले. आणि मग चंद्रभागा, अगदी शांतपणे, एकाही शब्दाची घाई न करता :

"दोन्ही हातांनी, आबा. मान खाली. अजून."